ग्रंथालयाला माणूस हवा

आज १२ ऑगस्ट. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिन म्हणून हा दिवस देशभर राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आज रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, टेबलांवर ग्रंथप्रदर्शन मांडले जाईल, प्राचार्य किंवा सरपंच वाचनाचे महत्त्व सांगतील आणि ग्रंथपालाच्या हाती पुष्पगुच्छ दिला जाईल. हे सगळे अवश्य व्हावे. वर्षभर ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्या सेवकाला एक दिवस मानाने पुढे बोलावणे ही चांगलीच रीत आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय हा समारंभ पुरा झाला असे आम्हाला वाटत नाही. आपण ग्रंथालयाची मागणी करतो, इमारत मागतो, कपाटे मागतो, पुस्तके मागतो. ती पुस्तके वाचकापर्यंत नेणारा शिकलेला, पोटापुरता पगार मिळणारा, पूर्णवेळ माणूस आपण कधी मागितला आहे का?

हा प्रश्न शहापुरात उभे राहून विचारण्याला अर्थ आहे. नागपूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहरात शिरण्याआधी इथून जातो. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत आहे, गावाच्या हद्दीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि सभोवार धानाच्या बांध्या आहेत. ऑगस्टच्या या दिवसांत रोवणी आटोपत आलेली असते. एवढ्या छोट्या परिघात वाचकांचे किती प्रकार एकत्र आले आहेत ते पाहावे. निर्माणीतून निवृत्त झालेला कामगार इथे आहे, यंत्रशास्त्राची परीक्षा देणारा विद्यार्थी आहे, पोलीस भरतीसाठी पहाटे धावून आल्यावर अभ्यासाला बसणारी मुलगी आहे, धानावर तुडतुडा दिसला की कोणती फवारणी करावी या विवंचनेत असलेला शेतकरी आहे आणि शाळेतून मिळालेले गोष्टीचे पुस्तक दोन दिवसांत संपवून दुसरे मागणारे पोर आहे. या सर्वांना एकच पुस्तक चालत नाही. प्रत्येकाला काय हवे ते ओळखणे आणि ते कुठे मिळेल ते ठाऊक असणे, हे ज्याचे काम आहे त्याला ग्रंथपाल म्हणतात. महानगरातल्या वाचकाला दहा वाटा मोकळ्या असतात. शहापूरसारख्या ठिकाणी ही एक वाट बंद झाली तर पुष्कळांना दुसरी उरत नाही.

रंगनाथन यांची स्वतःची कहाणी या व्यवसायाबद्दल पुष्कळ सांगून जाते. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना आपले पहिले ग्रंथपाल म्हणून नेमले, तेव्हा त्यांना या कामाचे शिक्षण नव्हते आणि ओढही नव्हती. भरलेल्या वर्गाची सवय असलेल्या या शिक्षकाला रिकाम्या ग्रंथालयातले एकटेपण सोसवेना. थोड्याच दिवसांत ते पुन्हा शिकवायला जाण्याची इच्छा बोलून दाखवू लागले. आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, मग हवे तर परत या, असा तोडगा निघाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्यासारखे गुरू लाभले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. मुले, कामगार, गृहिणी अशा सर्वांसाठी चालणारी ती ग्रंथालये पाहून त्यांचे मन पालटले. ग्रंथालय हे समाजाला शिकवण्याचे साधन आहे आणि ते चालवणे हे शास्त्र आहे, अशी त्यांची खात्री झाली. ते मद्रासला परतले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच कामाला दिले.

१९३१ साली त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सिद्धान्त पाठ असतात, पण त्यांतली धार पाठांतरात बोथट होते. पुस्तके वापरासाठी आहेत हा पहिला सिद्धान्त. युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत, कारण ती जपायची वस्तू होती. आपल्याकडच्या कुलूपबंद काचेच्या कपाटांत ती साखळी अजून शिल्लक आहे. पुस्तक फाटले किंवा हरवले तर पगारातून भरपाई जाईल, या धास्तीने पुस्तक बाहेरच न काढणारा ग्रंथपाल दोषी नाही. दोष ती धास्ती घालणाऱ्या व्यवस्थेचा आहे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे पुढचे दोन सिद्धान्त सगळ्या व्यवसायाचा गाभा आहेत, कारण ही गाठ आपोआप पडत नाही, कोणीतरी ती घालून द्यावी लागते. वाचकाचा वेळ वाचवणे हा चौथा. रोजगार बुडवून तासाभरासाठी आलेल्या माणसाला तो सर्वांत आधी कळतो. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, हे पाचवे सांगणे. ज्या ग्रंथालयात गेल्या अनेक वर्षांत नवे पुस्तक आले नाही आणि जुने बाद झाले नाही, ते ग्रंथालय फलकावर नाव असूनही थांबलेले असते.

याच १९३१ साली तंजावर भागातल्या मन्नारगुडी इथे बैलगाडीतून पुस्तके खेडोपाडी नेण्याचा उपक्रम सुरू झाला. पुस्तकापर्यंत येऊ न शकणाऱ्या वाचकाकडे पुस्तकाने जावे, हा विचार त्यात होता. डांबरी रस्ते आणि दुचाक्या असलेल्या आजच्या भंडारा जिल्ह्याला तो अवघड वाटण्याचे काही कारण नाही.

मराठी मुलखात तर सर्वांसाठी ग्रंथालय असावे हा विचार त्याहून जुना आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पुण्याच्या नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ सालची, आणि तिच्यामागे लोकहितवादींसारखी माणसे होती. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांत होते. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. या संस्था लोकांनी वर्गणी काढून, दारोदार फिरून, घरची पुस्तके आणून देऊन उभ्या केल्या. त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या काळापासून एक समजूतही आपल्या अंगी मुरली, की ग्रंथालय हे हौशी, सेवाभावी माणसांनी संध्याकाळी दोन तास चालवायचे काम आहे.

त्या समजुतीला छेद देणारे पाऊलही एका मराठी राजानेच उचलले होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले माणूस पुन्हा निरक्षर होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव पाठवल्या आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग उघडला. भारतातला तो असा पहिला वर्ग. महाराजांनी इमारतीच्या बरोबरीने माणसे घडवायला घेतली, हे या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान आहे आणि आपण नेमके तेच विसरलो. पुढे १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. भारतातला तो पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत केला. राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी रचना त्यातून उभी राहिली, आणि लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळू लागले. आज राज्यात अशी हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आले आहे.

या जाळ्यात काम करणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो, याची कल्पना बाहेरच्यांना क्वचितच असते. पुस्तके देणे आणि परत घेणे एवढेच त्याचे काम, अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात एक पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याआधी त्याच्यावर किती हात फिरलेले असतात! आधी निवड. हाती असलेल्या तुटपुंज्या रकमेत कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हा निर्णय वाचक ओळखून घ्यावा लागतो. मग बिलाची पडताळणी, दाखल नोंदवहीत नोंद, ठरलेल्या पानांवर शिक्का, दाखल क्रमांक आणि वर्गांक. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ सालच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. त्याच्यापुढे एक अंक जोडला की कविता वेगळी होते, दुसरा जोडला की कादंबरी वेगळी होते. पुस्तकाच्या पाठीवरची ती छोटी चिठ्ठी हजारो पुस्तकांतून एकाला त्याच्या जागी आणून ठेवते. त्यानंतर तालिका, आणि हल्ली संगणकावर ई-ग्रंथालय, सोल किंवा कोहा यांसारख्या प्रणालीत नोंद. पुस्तक फिरू लागले की बांधणी उसवते, पाने सुटतात. भंडाऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात दमट हवेमुळे कसर आणि वाळवी यांच्याशी दर वर्षी झुंजावे लागते. वर्षाकाठी साठा पडताळणी, बाद पुस्तकांची यादी, लेखापरीक्षणाचे कागद, अनुदानाचा अहवाल. आणि हे सगळे चालू असताना समोर वाचक उभा असतोच.

त्या वाचकाशी होणारे बोलणे ही या व्यवसायाची खरी कसोटी. माणूस येतो आणि ‘आरोग्याचे एखादे पुस्तक द्या’ म्हणतो. अनुभवी ग्रंथपाल दोन साधे प्रश्न विचारतो, तेव्हा कळते की घरी कोणाला तरी मधुमेह निघाला आहे आणि काय खायला द्यावे ते कोणी समजावून सांगितलेले नाही. मागणी एक असते आणि गरज दुसरी. गरजेपर्यंत पोचायला कान लागतो, आणि माणसाचे खासगी दुःख चारचौघांत न बोलण्याची सभ्यता लागते. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाला ठाऊक असते, पण ते तो गावाला सांगत नाही. त्याच्या समोर येणाऱ्याची जात, पक्ष, पैसा यांची नोंद होत नाही, फक्त सभासद क्रमांकाची होते. आपल्याला न पटणारे पुस्तकही तो मागणाऱ्याच्या हाती त्याच तत्परतेने देतो. ही शिस्त शिकावी लागते आणि पाळावी लागते. म्हणून या कामाला आम्ही व्यवसाय म्हणतो, आणि इतर व्यवसायांना जो मान आणि जे वेतन मिळते ते याला मिळावे असे म्हणतो.

योग्य पुस्तक योग्य वेळी योग्य हाती पडले तर काय घडते, याचे उदाहरण विदर्भाला तरी शोधावे लागत नाही. १९०७ साली मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी हेरला होता. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळण्यातही त्यांचीच मध्यस्थी होती. केळुसकर पेशाने शिक्षक, पण त्या दिवशी त्यांनी ग्रंथपालाचे काम केले. जवळपास ५० वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तिची बीजे अनेक होती, आणि त्यांतले एक ते पुस्तक होते, हे त्यांनी स्वतःही सांगितले आहे. त्याआधी दोन वर्षे, १९५४ साली, बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. त्यांना यश आले नाही. या जिल्ह्याने तेव्हा जे दिले नाही त्याची भरपाई करायची असेल, तर त्यांनी ज्या साधनाच्या बळावर सगळे मिळवले ते साधन गावागावात चालते ठेवणे, हा एक खरा मार्ग आहे. कोलंबियाच्या आणि लंडनच्या ग्रंथालयांत त्यांनी दिवसचे दिवस काढले, पुढे मुंबईतल्या राजगृह या आपल्या घरी हजारो ग्रंथ जमवले, आणि विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके पडावीत म्हणून मोठा ग्रंथसंग्रह महाविद्यालयाच्या स्वाधीन केला. राज्य शासन उत्कृष्ट ग्रंथालयाला देत असलेला पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे, आणि ग्रंथालय सेवकाला दिला जाणारा पुरस्कार रंगनाथन यांच्या नावाचा. नावे अत्यंत योग्य आहेत. आता वागणूकही त्या नावांना शोभेल अशी हवी.

वागणूक आज कशी आहे? सार्वजनिक ग्रंथालयाला मिळणाऱ्या अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनासाठी ठेवायचा असतो. वरच्या वर्गाच्या ग्रंथालयात त्यातून थोडीफार सोय होते. खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयात मात्र महिन्याकाठी ग्रंथपालाच्या हाती जी रक्कम पडते तिला वेतन म्हणणे कठीण आहे. रोवणीला किंवा कापणीला जाणाऱ्या मजुराचे काही दिवसांचे पैसे त्याहून अधिक होतात. अलीकडच्या वर्षांत अनुदानात ६० टक्के वाढ झाली हे मान्य, तिचे स्वागतही झाले. पण मुळातला आकडाच लहान असेल तर टक्के मोठे असूनही पदरात थोडेच पडते. व्यंकप्पा पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती लागू कराव्यात, असा आग्रह दोन्ही ठिकाणी मांडला गेला. पिढ्या निवृत्त झाल्या, वेतनश्रेणी आली नाही. तमिळनाडू आणि कर्नाटक यांनी आपल्या कायद्यांत ग्रंथालय कराची तरतूद केली, त्यामुळे तिथे ग्रंथालयांना स्वतःचा नेमका उत्पन्नाचा झरा मिळाला. आपल्या कायद्यात ती नाही, त्यामुळे आपली ग्रंथालये दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दयेवर राहतात.

शाळांची स्थिती निराळी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. ग्रंथपाल असावा असे त्यात नाही. आपल्या राज्यात माध्यमिक शाळेचा पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल आणि त्याहून कमी असेल तर फार तर अर्धवेळ, असा हिशेब चालत आला. भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांतल्या शाळांचा पट पाहिला तर या हिशेबात त्यांना काय मिळणार ते वेगळे सांगायला नको. मग ग्रंथालयाची किल्ली कोणा तरी शिक्षकाकडे दिली जाते. तो आधीच तासिका, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणे यांखाली दबलेला असतो. परिणामी किल्ली टेबलाच्या खणात राहते. महाविद्यालयात ग्रंथपालाला शिक्षकाच्या बरोबरीची पात्रता मिळवावी लागते, पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. तरीही पद रिक्त झाले की वर्षानुवर्षे भरले जात नाही. शेकडो तरुण ही पदवी घेऊन घरी बसले आहेत आणि शेकडो ग्रंथालये माणसाअभावी बंद कपाटांची झाली आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, सगळे त्यात सापडते, आता ग्रंथपाल कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मोबाइलवर पुष्कळ सापडते, हे खरेच. खरे आणि खोटे शेजारी शेजारी सापडते, हेही तितकेच खरे. भरतीची बनावट जाहिरात, नसलेल्या योजनेचा अर्ज, जालीम औषधाचा दावा, जुन्या चित्रफितीवर नवा मजकूर, हे सगळे गावातल्या गटांवर रोज फिरते. आता तर यंत्रे स्वतःच सफाईदार मजकूर लिहून देऊ लागली आहेत, आणि तो कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, हे कळायची सोय नाही. अशा काळात मूळ शासन निर्णय कुठे पाहायचा, संकेतस्थळ खरे की नकली हे कसे ओळखायचे, नॅशनल डिजिटल लायब्ररीत मोफत पाठ्यपुस्तक कसे शोधायचे, हे दाखवणारे माणूस गावात असणे पूर्वीपेक्षा गरजेचे झाले आहे. लेखक कोण, आवृत्ती कोणती, वर्ष कोणते, आधार काय, असे विचारायची सवय ग्रंथपालाच्या शिक्षणातच असते. हे प्रश्न विचारायला गावाला शिकवणे, ही त्याची नवी जबाबदारी आहे.

दुसरा बदल डोळ्यांसमोर आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत आज सर्वांत जास्त गर्दी असते ती अभ्यासिकेत. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात. काही जुन्या वाचकांना याचे वाईट वाटते, ग्रंथालयाचे वर्ग झाले असे ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. घरात एकच खोली, एकच दिवा आणि सतत कामाला हाक, अशा स्थितीतल्या मुलीला शांत, सुरक्षित आणि पाण्याची सोय असलेली खुर्ची मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. खासगी अभ्यासिकेचे मासिक शुल्क तिला परवडत नाही. तिची जागा राखली पाहिजे. त्याबरोबर चांगला ग्रंथपाल आणखी एक गोष्ट करतो. परीक्षेच्या पुस्तकाशेजारी हळूच एखादे चरित्र, एखादी कादंबरी, एखादे इतिहासाचे पुस्तक ठेवतो. परीक्षेत जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी. ज्यांची निवड होणार नाही त्यांच्याही हाती काहीतरी उरले पाहिजे, आणि ते वाचनाने उरते.

भंडाऱ्याच्या ग्रंथपालांसमोर आणखी एक काम वाट पाहत आहे, जे दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस येऊन करणार नाही. हा झाडीपट्टीचा प्रदेश. इथली झाडीबोली, दंडार, हिवाळ्यात मंडई भरली की रात्र रात्र रंगणारी नाटके, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव आणि त्यांच्या पाणीवाटपाच्या पद्धती, पवनीच्या उत्खननात निघालेला बौद्ध स्तूप, मोहाडी-आंधळगावकडचे कोशाचे विणकाम, भंडाऱ्याची पितळी भांडी, हे सगळे लोकांच्या तोंडी आणि घरच्या पेटाऱ्यांत आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द आयुष्यभर वेचले आणि कोशात बांधले, म्हणून ते टिकले. नाटकांच्या संहिता, हस्तपत्रके, मालगुजारीच्या काळचे कागद, निर्माणीतल्या पहिल्या पिढीच्या कामगारांच्या आठवणी यांना असा सांभाळणारा मिळाला नाही तर दहा-वीस वर्षांत त्या नाहीशा होतील. प्रत्येक गावच्या ग्रंथालयात एक कपाट स्थानिक इतिहासाचे असावे आणि ते भरण्याची जबाबदारी ग्रंथपालाने घ्यावी. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधची निवड पुस्तकांचे गाव म्हणून झाली, ही आपल्या भागासाठी उमेद वाढवणारी बाब आहे. मात्र सातारा जिल्ह्यातले भिलार असो की नवेगाव, पुस्तकांचे गाव चालते ते तिथे रोज दार उघडणाऱ्या माणसांमुळे.

मागण्या करायच्या तर त्या मोजक्या आणि स्पष्ट हव्यात. शासनाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानातून वेतन वेगळे काढावे आणि ते किमान वेतनाच्या खाली असणार नाही अशी हमी कायद्यात घालावी. १९६७ च्या अधिनियमात ग्रंथालय करासारख्या कायम उत्पन्नाची तरतूद करावी. शाळांच्या ग्रंथपालाचा निकष एकेका शाळेच्या पटाऐवजी केंद्रावर बसवावा. एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ, प्रशिक्षित, फिरता ग्रंथपाल दिला तर खर्च आटोक्यात राहील आणि खेड्यातली मुले वंचित राहणार नाहीत. महाविद्यालयांतली रिक्त पदे भरावीत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांनी आठवड्यातला एखादा दिवस आपले वाचन कक्ष गावातल्या विद्यार्थ्यांना खुले ठेवावेत. शास्त्राची पुस्तके असलेले दालन गावापासून हाकेच्या अंतरावर असूनही गावाला बंद असणे बरे नव्हे.

ग्रंथपालांकडेही समाजाचे मागणे आहे आणि ते आम्ही आजच्या दिवशी संकोच न करता मांडतो. वेतन कमी म्हणून दार अर्धे उघडे ठेवणे या व्यवसायाला शोभत नाही. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करून शिक्षण संपले असे मानू नये. संगणक, डिजिटल संग्रह, माहितीची शहानिशा हे सतत शिकत राहावे लागेल. कपाटांची कुलपे काढावीत. शाळेतल्या मुलांचे सभासदत्व मोफत करण्यासाठी कार्यकारिणीशी भांडावे. बायकांना सोयीची वेळ दुपारची असेल तर दुपारी दार उघडावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रंथाध्ययनाला स्वतंत्र अध्याय दिला, कारण गावाच्या उभारणीत रस्ता आणि विहीर यांच्या पंक्तीत त्यांनी वाचनाला बसवले होते. जी जागा तुकडोजींनी वाचनाला दिली, ती ग्रंथपालाने आपल्या कामातून मिळवली पाहिजे.

आणि गावाने काय करावे? आजपासून तीन दिवसांनी, १५ ऑगस्टला, गावोगाव ग्रामसभा भरतील. रस्ते, नाल्या, घरकुले, पाणीपट्टी हे विषय तिथे येतील आणि यायलाच हवेत. शहापूरच्या आणि पंचक्रोशीतल्या ग्रामस्थांना आमचे सांगणे एवढेच, की त्या दिवशी विषयपत्रिकेत एक विषय वाढवा. आपल्या गावच्या ग्रंथालयाचे दार रोज किती वेळ उघडे असते, ते उघडणाऱ्या माणसाला महिन्याला काय मिळते, आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून त्यात किती भर घालता येईल, असे तीन प्रश्न उभे राहून विचारा. उत्तर मिळाले तर त्याचा ठराव करून घ्या. मिळाले नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. आजच्या दिवसाचे हार संध्याकाळपर्यंत सुकतील. ठरावाची नोंद मात्र इतिवृत्तात राहील, आणि रंगनाथन यांना वाहिलेली ती सर्वांत खरी आदरांजली ठरेल.